अकरा चुकांचं प्रूफ

दादाची नजर गेली होती, पण चुका काढायची खोड काही गेली नव्हती. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस तो. त्याला वाचून दाखवणारी यंत्रं बघायला नेलं, तर यंत्रांनाच धारेवर धरत होता.

नजर मधोमधची गेली होती, कडेची तेवढी उरली होती. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, कान तेवढे दिसायचे. पाच वर्षं रोज सकाळी मी त्याला पेपर वाचून दाखवत होते. जेवणाखाण्याला, औषधपाण्याला त्याची सून होती, पण वाचायला मीच. आता माझ्या लेकीला सातवा महिना लागला होता आणि मला तिच्याकडे जायचं होतं. लेक म्हणत होती, आई, आता इकडेच राहा. मी हो म्हटलं होतं. तिकीट महिनाभर पर्समध्ये होतं आणि दादाला सांगायची माझी छाती होत नव्हती. आधी यंत्र ठरू दे, मग सांगू, असं म्हणत दोन महिने गेले.

अंधांसाठीच्या केंद्रातल्या बाई मोठ्या सोशिक. पहिल्यांदा त्यांनी अक्षरं मोठी करणारा पडदा दाखवला. एका वेळी चारच अक्षरं मावायची. दादा म्हणाला, "शब्द संपेपर्यंत सुरुवात कशाने झाली ते विसरायला होतं." मग बोलणारा चष्मा आला. तो समोर येईल ते वाचत सुटला: भिंतीवरचं कॅलेंडर, पंख्याच्या बटणाखालची पट्टी, बाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र. "फार तोंडाळ आहे," दादा म्हणाला.

तिसऱ्या खेपेला वाचून दाखवणारा फोन आला आणि दादाने खिशातून एक जुनं प्रूफ काढलं. पिवळं पडलेलं, खुणा न केलेलं. फोनने ते घडाघडा वाचलं, कुठे अडखळला म्हणून नाही. मी मनातल्या मनात हुश्श केलं.

"यात अकरा चुका आहेत, पाठ आहेत मला," दादा म्हणाला. "याने एकही वाचली नाही. सगळ्या परस्पर दुरुस्त केल्या. मला खुशमस्कऱ्या नकोय."

"दुरुस्त करतो तर बरंच की रे," मी वैतागून म्हटलं. "तुला आता कोण पगार देतंय चुका शोधायचा?"

बोलून गेले खरी. पण मला छापखान्यातला माझा पहिला दिवस आठवला आणि कान गरम झाले.

एकोणिसाव्या वर्षी दादानेच मला तिथे लावलं. मी हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, तो ओल्या प्रुफावर नजर ठेवायचा. पलीकडे यंत्रांची धडधड चाललेली. दर वाक्याला "स्वल्पविराम, पूर्णविराम" असं ओरडत बसले असते तर दुपारपर्यंत घसा बसला असता. म्हणून मी पेन्सिलीने टेबल वाजवायचे, स्वल्पविरामाला एकदा आणि पूर्णविरामाला दोनदा. चूक सापडली की दादा म्हणायचा, "थांब." खूण करून झाली की, "पुढे." दिवसभर आमच्यात एवढेच दोन शब्द. इतकं सुखाचं बोलणं पुढे माझं कुणाशीच झालं नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. त्या पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून लेखकाचं एक चुकलेलं वाक्य सुधारून वाचलं. दादाने प्रूफ खाली ठेवलं. "जे आहे ते वाच," तो म्हणाला. "काय असायला हवं ते आपल्याला कुणी विचारलेलं नाही." मी मोरीत जाऊन रडले होते. शाईचा वास आला की अजून ते रडणं आठवतं, आणि गंमत म्हणजे बरं वाटतं.

चौथ्या खेपेला बाईंनी टेबलावरचं यंत्र लावलं. वर दांडीला कॅमेरा, खाली कागद ठेवायचा. आवाज अगदी सपाट, कोरडा. त्याने अकराच्या अकरा चुका जशाच्या तशा वाचल्या. दादाने मान हलवली. मग खिशातून दुसरा कागद काढून चाचपत कॅमेऱ्याखाली सरकवला. पेपरातलं पान होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं. मी ते लगेच ओळखलं.

यंत्राने निधनाचा रकाना वाचायला घेतला. तिसरी बातमी आमच्या जुळाऱ्याची होती. अक्षरांचे खिळे जुळवताना त्याची इतकी घाई चालायची, की सगळे त्याला घाईच म्हणायचे. दादा जन्मभर त्याच्या चुकांवर ओरडला आणि जन्मभर त्याच्याच शेजारी बसून जेवला. ती बातमी मी दादाला वाचून दाखवली नव्हती.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"रोज तो रकाना संपेपर्यंत तुझा कपभर चहा होतो. त्या दिवशी अर्धाच झाला," दादा म्हणाला. "म्हटलं, हिने काहीतरी गाळलं. वाचायला लावलं असतं तर तू मला सांभाळत वाचलं असतंस."

यंत्र थांबत नव्हतं. घाईचं पूर्ण नाव, जे आम्ही कधी घेतलंच नाही. छापखान्यातली नोकरी. माझं बोट आपोआप टेबलावर वाजायला लागलं, एकदा, एकदा, दोनदा.

"थांब," दादा म्हणाला. बाईंनी बटण दाबलं. "वय चुकलंय. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. खूण कर."

मी बाईंची पेन्सिल घेतली आणि समासात खूण केली. अक्षरं नीट दिसत नव्हती.

"हेच द्या," दादा बाईंना म्हणाला. मग माझ्याकडे वळला, म्हणजे माझ्या कानाकडे. "यंत्र शोधायला लागलीस तेव्हाच कळलं. तिकीट काढलंस?"

"काढलंय. महिना झाला."

"वाच."

मी पर्स उघडली. रविवार, सकाळची साडेसातची गाडी, डबा चार, खिडकीची जागा. प्रत्येक ठिकाणी बोट वाजलं.

"परतीचं?"

"परतीचं काढलेलं नाही, दादा. लेक तिकडेच राहा म्हणतेय. मी हो म्हटलंय."

बाई खिडकीपाशी जाऊन उगीचच पडदा सारखा करत होत्या. मग दादाने हात पुढे केला, टेबलाची कड शोधली आणि बोट वाजवलं. दोनदा.

"पुढे," तो म्हणाला.