चारचा रकाना

शिवकन्येने आकांक्षाच्या हातातला तक्ता घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि पेनाच्या टोपणाने एकेका ओळीवर टकटक करत खाली आली. नऊ खाटा, नऊ पेशंट आणि श्वासाच्या रकान्यात नऊ वेळा वीस.

"सगळे ठरवून श्वास घेतात का गं?"

आकांक्षा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. महिनाभर शिकायला म्हणून परतूरच्या या दवाखान्यात येत होती. ती ओशाळून हसली.

"ताप मोजला, सिस्टर. नाडीपण मोजली. श्वास तेवढा राहिला. सगळेच वीस लिहितात की."

"राहिला नाही. सोडलास तू."

तक्ता परत देऊन शिवकन्या उठली. वीस खाटांच्या या दवाखान्यात तिला चार वर्षं झाली होती आणि तिच्या माघारी तिला सगळे 'मिनिटवाली' म्हणत. बाकीच्या जणी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणत, किंवा तेवढीही तसदी घेत नसत. ही बया घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत खाटेशी खांबासारखी उभी. डॉक्टर राउंडला आले तरी तिचं मिनिट संपल्याशिवाय मान वर होत नसे. हा हट्ट कुठून आला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी ती सांगणाऱ्यातली नव्हती.

"चल, दाखवते," ती म्हणाली.

सात नंबरच्या खाटेवर रामकिसन होता. साठीचा शेतकरी, छातीत कफ झाला म्हणून आदल्या संध्याकाळी मुलीने आणून दाखल केलेला. शिवकन्येने त्याचं मनगट धरलं, अर्धं मिनिट नाडी मोजली आणि मग बोटं तिथेच ठेवून नजर त्याच्या छातीवर नेली. पूर्ण एक मिनिट. आकांक्षाही शेजारी उभी राहून मोजत होती. तिथून निघाल्यावर ती आकांक्षाला हळूच म्हणाली, "मनगट सोडायचं नाही. श्वास मोजतोय असं कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. त्याला वाटू द्यायचं, नाडीच चालली आहे. पेशंटशी एवढंच खोटं चालतं. किती आला?"

"सव्वीस."

"आणि तू लिहिलेस वीस."

आकांक्षाने गुपचूप आकडा खोडला आणि पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरुवात केली.

दुपारी रामकिसनची मुलगी रूपाली डबा घेऊन आली. ती परतुरातच दिलेली होती. सोबत चार-पाच वर्षांची लेक होती. पोरगी धावत आजोबाच्या खाटेशी गेली. रामकिसनने उशाखालचा बिस्किटाचा पुडा काढला, एक बिस्किट हातात घेतलं आणि तिला द्यायच्या आधी रूपालीकडे पाहिलं.

"बाबा, तिला काही देऊ नका."

रूपालीचा आवाज चढला नव्हता. रामकिसनने मुकाट्याने बिस्किट पुड्यात सारलं आणि पुडा पुन्हा उशाखाली. छातीचा पेशंट, लेकरू लहान, बरोबरच आहे, असं शिवकन्येला वाटलं. पाचला परत येते म्हणून रूपाली गेली.

साडेतीनला वॉर्डात चहा आला. रामकिसनने पेल्यावर हात आडवा धरला.

"घ्या की बाबा. कफाला गरम बरं असतं."

"न्हाई सिस्टर. म्या चहा सोडला. चार वर्सं झाली."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"कुणी न्हाई सांगितलं," तो म्हणाला आणि खोकत भिंतीकडे वळला.

डॉक्टरांना त्याचा जुना एक्स-रे हवा होता. खाटेखालच्या पिशवीत सगळे कागद आहेत, तुम्हीच बघा, असं रामकिसनने सांगितलं, तेव्हा शिवकन्या खाली बसली आणि पिशवीतलं एकेक काढू लागली. आधार कार्डाची झेरॉक्स, रक्ताचा रिपोर्ट, डोळ्याच्या शिबिराची चिठ्ठी. तळाशी प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतलेला एक कागद होता. लोक सात-बारा किंवा मार्कशीट अशी बंद करून घेतात. हा वॉर्डातला तक्ता होता. ताप, नाडी, श्वास, बीपी. वर नाव होतं द्वारकाबाई. चारच्या रकान्यात ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास वीस.

तक्त्यावरचा चार वरून बंद केलेला होता. तो तसा बंद करायची शिवकन्येची सवय होती, शाळेपासूनची. खाली सहीही तिचीच होती.

हातातला कागद तिने पिशवीत परत ठेवला असता तर कुणाला काही कळलं नसतं, आणि हे तिच्या मनात आलं नाही असं म्हणता येणार नाही. आलं. दोनदा आलं.

चार वर्षांपूर्वी ती जालन्याला होती, नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूच्या एका खाजगी दवाखान्यात. करोनाचे दिवस, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, सत्तावीस पेशंटना दोन सिस्टर. तिथली एक रीत होती. दोनला ड्यूटी घेतली की तीनच्या सुमारास चारचा रकानाही भरून टाकायचा, कारण चारनंतर राउंडची धावपळ. दुपारी बाराचे आकडे पुढे ढकलायचे, एखादा पॉइंट इकडेतिकडे करायचा म्हणजे खरे वाटतात. सगळ्याच भरत. शिवकन्याही भरायची, आणि झटपट काम उरकते म्हणून तिचं कौतुकही व्हायचं.

द्वारकाबाईचं आतड्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. तोंडाने काही द्यायचं नाही अशी पाटी खाटेला लावलेली. पावणेचारला शिवकन्या त्या दारावरून गेली. बाई खिडकीकडे तोंड करून पडली होती. अंगावर हिरव्या फुलांची चादर. शिवकन्या आत गेली नाही.

पाचला बाई गेली.

मोठे डॉक्टर धावत आले. "चारला कशी होती?" त्यांनी विचारलं. शिवकन्येने तक्ता पुढे केला. "नॉर्मल होती, सर." मग नातेवाइकांतून एक जण पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, म्या साडेचारला दोन घोट चहा पाजला, साहेब, लई तहान लागली म्हणत व्हती. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. चहाचं नाव निघालं आणि शिवकन्येचा जीव भांड्यात पडला.

बाईच्या मरणापेक्षा तिला हे जास्त छळत आलं. आपल्याला तेव्हा बरं वाटलं होतं.

महिन्याभरात तिने ती नोकरी सोडली. मिनिट मोजायला लागली. पण रोज चार वाजले, की मग ती वॉर्डात असो की घरी भाजी निवडत असो, ती हिरव्या फुलांची चादर समोर यायची. कधी ती चादर भराभरा वरखाली व्हायची, इतकी की दारातूनही दिसावी. कधी ती हलतच नसायची. खरं काय पाहिलं होतं ते तिला आता आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न करून करून तिने ते पार पुसून टाकलं होतं.

"घावला का फोटू?" रामकिसनने विचारलं.

"हा कागद कशाचा, बाबा?"

"मालकिणीचा. रूपालीच्या आयचा." त्याने हात पुढे केला, कागद घेतला आणि प्लॅस्टिकवरून अंगठा फिरवला. "दवाखान्याच्या कागदांत आल्ता, विंग्रजीत. आमच्या गावच्या गुरुजीनं वाचून दाखवला. चार वाजता समदं बराबर व्हतं. ताप न्हाई, नाडी बराबर, दम बराबर. अन् साडेचारला म्या तिला चहा पाजला. बाहीर टपरीवरून आणल्ता, पिलास्टिकच्या कपात. पाटी वाचली व्हती म्या. पर ती म्हनली, नुसते व्हट वले करा."

तो थांबला. श्वास पुरेना.

"बोलू नका जास्त."

"लोक म्हनत्यात, तिचा टाइम भरला व्हता. पर कागद तर सांगून राह्यला ना. चारपस्तोर चांगली व्हती बाई. मंग काय झालं मधी? म्या झालो."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आकांक्षा ट्रे घेऊन खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. तिला जा म्हणावं असं शिवकन्येच्या ओठांवर आलं. तिने म्हटलं नाही.

"बाबा, हे चारचं मी लिहिलंय."

"आं?"

"ही सही माझी आहे. मी होते त्या वॉर्डात. मास्क होता, म्हणून तुम्ही ओळखलं नाही."

रामकिसन कोपरावर रेटून उठून बसला. त्याचा चेहरा उजळला, आणि त्यासाठी शिवकन्या तयार नव्हती. शिवी दिली असती तर तिने खाली मान घालून ऐकली असती.

"म्हंजी तुमी पाह्यलं व्हतं तिला? चारला? म्या तवा मेडिकलात गेल्तो, औषिध आणाया. काय बोलली का वो ती? माझं नाव काढलं का?"

"नाही."

"कायच न्हाई बोलली?"

"मी तिच्याजवळ गेलेच नव्हते, बाबा. हे आकडे मी तीन वाजताच लिहून ठेवले होते. बाहेर टेबलावर बसून. नाडी धरली नाही, श्वास मोजला नाही. काहीच नाही."

पंखा फिरत होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस मोबाइलवर बातम्या ऐकत होता.

"मंग चारला ती कशी व्हती?"

"माहीत नाही."

"डाक्टरला?"

"कुणालाच माहीत नाही. मी बघायला पाहिजे होतं. मी बघितलं नाही."

"म्हंजी चहाच्या आंधीच बिघडली असंल?"

शिवकन्येला हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. ऑपरेशननंतर असं आतून बिघडत जातं, श्वास सगळ्यांत आधी वाढतो, दोन घोटांनी माणूस असा अर्ध्या तासात जात नाही, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण पाहिलेलं नव्हतं. न पाहता भरलेला एक आकडा या माणसाने चार वर्षं उशाशी बाळगला होता. दुसरा त्याच्या हातात द्यायला तिची जीभ धजेना.

"असेल. मला तसंच वाटतं. पण नक्की आहे असं सांगितलं तर ते पुन्हा खोटं होईल. हा कागद खोटा आहे, एवढं नक्की सांगते. ह्याच्यावरून तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. दुसऱ्या कुणीही देऊ नये."

रामकिसनने कागद मांडीवर ठेवला. तो रडला नाही, ओरडला नाही. कागदाचे कोपरे मात्र दाबून सरळ करत राहिला, प्लॅस्टिकमध्ये असल्याने ते मुळात सरळच होते.

"रूपाली माझ्या हातचं पानी पेत न्हाई," तो म्हणाला. "चार वर्सं. भांडत न्हाई, बोलती चांगली, दवाखान्यात आनती. पर मह्या हातचं खात न्हाई. पोरीलाबी खाऊ देत न्हाई."

उशाखालचा बिस्किटाचा पुडा अर्धवट बाहेर आला होता. शिवकन्येने तो पाहिला आणि दुपारचं सगळं तिला नव्याने दिसलं.

"मला माफ करा," ती म्हणाली.

"ते मंग बघू." त्याने मान हलवली. "तुमची डूटी कवा सुटती?"

"आठला."

"ती पाचला येती. तिला सांगा. आत्ता मला सांगितलं तसं, बिलकुल तसंच. म्या सांगितलं तर तिला पटायचं न्हाई. म्हनंल, बाबा सोताला सोडवून घ्यायला निघाले."

आकांक्षा घाईने म्हणाली, "सिस्टर, ती बाई तक्रार करेल. फोनमध्ये रेकॉर्ड करून घेईल. तुमचं रजिस्ट्रेशन जाईल."

शिवकन्येने रामकिसनचं मनगट हातात घेतलं. चारची वेळ टळून गेली होती आणि त्याचे आकडे अजून घ्यायचे होते.

"आता काय मोजता? नाडी?"

"नाडी," ती सवयीने म्हणाली. मग थांबली. "श्वास मोजते, बाबा."

"मंग मोजा."

माहीत असल्यामुळे तो अवघडून श्वास घेत होता, लांब लांब, शाळेत कवायत केल्यासारखा. तिने ते मिनिट सोडून दिलं आणि दुसरं धरलं. तेही सोडलं. तिसऱ्या मिनिटाला तो विसरला. चोवीस. तक्त्यावर चारचा रकाना तिने मोकळाच ठेवला आणि शेजारी खरी वेळ लिहिली, चार वाजून पस्तीस मिनिटं. आकांक्षा बघत होती.

पाचच्या आत रूपाली आली. लेक या वेळी सोबत नव्हती. तिने थर्मास स्टुलावर ठेवला, वडिलांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग दोन कपांत चहा ओतला, एक स्वतःला आणि एक शिवकन्येला. वडिलांकडे तिसरा कप सरकवायची या घरात आता रीत नव्हती.

"घ्या सिस्टर. दुपारपासून उभ्याच आहात तुम्ही."

कप तिच्यापुढे धरलेला होता. वाफ येत होती. शिवकन्येने तो घेतला नाही. तिने रामकिसनच्या मांडीवरचा कागद उचलला आणि खाटेच्या कडेची खुर्ची रूपालीकडे वळवली.

"रूपालीताई, चहा राहू द्या. आधी तुम्ही बसा."

रूपाली बसली. तिने कागद पाहिला, वडिलांकडे पाहिलं, मग शिवकन्येकडे.

रामकिसन तेवढ्यात खिडकीकडे तोंड करून आडवा झाला होता. गळ्यापर्यंत ओढलेली त्याची चादर हलत नव्हती. त्याने श्वास धरून ठेवला होता.