वरचं पाणी

तिनं बशीत निळ्या रंगाचा थेंब सोडला, बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावायच्या आधीच नाक मुरडलं. प्रयोगशाळेतली पोरं तिला पाठीमागे फौजदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

मग तिनं डोळा लावला. बशीभर पेशी निळ्याशार. जिवंत पेशी हा रंग आत येऊ देत नाही. मेली की दार सताड उघडं.

"वा रे पठ्ठ्या!" ती स्वतःशीच म्हणाली. पठ्ठ्या म्हणजे सर, प्रयोगशाळेचे प्रमुख.

सरांचा सगळा डोलारा मेंदूतल्या राखणदार पेशींवर उभा होता. जंतूचा एखादा तुकडा बाहेरून नुसता चिकटला, की या पेशींच्या आत निरोपावर निरोप धावतात आणि पेशी बोंब ठोकते, म्हणजे सूज आणणारी रसायनं बाहेर सोडते. बोंब फार काळ चालली की मेंदूचंच वाटोळं. सरांच्या नव्या औषधानं ती बोंब बंद व्हायची, अगदी हमखास. सर पेशींवरचं पाणी काढून घेत, त्यात रसायन किती ते मोजत, आणि काहीच सापडलं नाही की लहान पोरासारखे टाळ्या पिटत. खाली बशीत कोण जगलंय, कोण मेलंय, हे बघायची अक्कल एकालाही झाली नव्हती. केक मात्र कापून झाला होता. आज दुपारी सर हेच औषध पुढच्या चाचण्यांना न्यायची परवानगी संस्थेच्या मंडळाकडं मागणार होते.

फोन वाजला. दादा होता. कुलपांच्या दुकानात जन्म घालवलेला तिचा मठ्ठ दादा.

"आज येऊन जातेस का? आई फार गप्प असते गं."

"त्रास देते?"

"छे छे."

"ओरडते? भांडते?"

"नाही. पण—"

"मग झालं तर! गोळी लागू पडलीय."

"तसं नाही गं, मला वाटतं की—"

"दादा, तुला काय कळतंय त्यातलं? मी आहे ना." तिनं फोन ठेवून दिला.

आईची स्मृती गेल्यापासून घरात नुसता तमाशा होता. शेजाऱ्याला चोर ठरवायची, वहिनीला शिव्यांची लाखोली वाहायची, वाटी भिरकावायची. शेवटी लेकीनंच डॉक्टरांच्या मागे लागून आईची शांत ठेवायची गोळी वाढवून घेतली. मेंदू शिकलेली घरात ती एकटीच, त्यामुळं तिच्यापुढं कुणी ब्र काढत नसे. त्यानंतर ती रोज फोनवर एवढंच विचारायची, त्रास नाही ना? नाही म्हटलं की तिचं काम झालं.

ती बशी घेऊन सरांच्या खोलीत गेली. ते आरशासमोर टायशी झटापट करत होते.

"सर, पेशी मेल्यात."

"कुठल्या?"

"तुमच्या. त्या शांत झालेल्या."

सर टाय अर्धवट लोंबकळत ठेवून खोलीतल्या सूक्ष्मदर्शकापाशी आले. बराच वेळ वाकून राहिले.

"आकडे इतके छान येत होते," ते म्हणाले.

"येणारच. मेलेली पेशी कशाला बोंब मारेल?"

"पण आपण रोज बघत होतो गं."

"वरचं पाणी बघत होतो, सर. पेशीकडं कुणी बघितलं?"

हे वाक्य तिनं येतानाच तयार ठेवलं होतं. ते नेमकं लागलं. सर मटकन स्टुलावर बसले, आणि त्यांचा पडलेला चेहरा डोळे भरून बघायला ती मुद्दाम थांबली.

"मंडळाला फोन करतो. आज नको म्हणून सांगतो," सर म्हणाले. टाय ओढून काढत पुढं पुटपुटले, "गप्प झाल्या ना, की इतकं बरं वाटतं. मग बघावंसंच वाटत नाही पुढं."

"तेवढी तरी अक्कल माणसाला..." ती म्हणाली, आणि अडखळली. वाक्य तिथंच राहिलं.

बाहेर पॅसेजमध्ये येऊन तिनं घरी फोन लावला. वहिनीनं उचलला.

"वहिनी, आईला द्या जरा."

"देते, पण बोलायच्या नाहीत हो त्या. खिडकीपाशी बसल्यात. त्रास मात्र काही नाही हं, ताई."

"वहिनी, आईनं तुम्हाला शेवटची शिवी कधी दिली?"

वहिनी हसली. मग तिचं हसू विरलं.

"गोळी वाढवायच्या आधी," ती म्हणाली. "शिव्या द्यायच्या ना, तेव्हा निदान मला ओळखायच्या तरी."

पलीकडून खोलीतला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"ताई? आहात ना?"

"दादाला सांगा, मी डॉक्टरांना घेऊनच येते," ती म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, सकाळी तू काय सांगत होतास, ते मला पुन्हा सांग."

हातमोजे काढायचे राहूनच गेले होते. फोनभर निळे डाग पडले होते.