नेच्याचा कोंब

सातव्यांदा ओतूनही कोंबाचं टोक आलंच नाही. आमची शेजारीण मनिवॉन साचा उघडून बघत बसली. देठ नीट उतरला होता, पण आत वळलेलं टोक अर्धवटच.

"चमचे ओत, चमचे," तिचा सासरा खामसिंग ओसरीवरून म्हणाला. "त्यांना शेपटी नसते."

"तुम्ही गप्प बसा हो, बाबा!"

युद्धात विमानांनी आमच्या डोंगरांवर जे बॉम्ब टाकले, ते तपासून निकामी केल्यावर त्यांचं ॲल्युमिनियम वितळवून आमचं गाव चमचे करतं. मनिवॉनला मात्र गळ्यात घालायचं काहीतरी करायचं होतं. ओढ्याकाठी नेच्याची भाजी खुडताना कोंबाचं ते वळण तिच्या मनात बसलं होतं.

आठव्यांदाही तेच झालं. तिने चिमटा भिरकावला.

"टोकाशी हवा कोंडतेय," खामसिंग म्हणाला. "बांबूच्या काडीने भोक पाड."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तूच म्हणालीस, गप्प बसा."

ती दातओठ खात उठली, पण भोक पाडलं. कोंब अख्खा उतरला. आठवडाभरात घासूनपुसून वीस झाले.

मग लुआंग प्रबांग शहरातली दुकानदारीण दाओवोन चमचे न्यायला आली. तिने एक कोंब उलटसुलट करून पाहिला.

"सुरेख आहे गं. पण छोटे बॉम्ब कर. पर्यटक तेच मागतात. कशापासून केलंय ते कळायला हवं ना."

"हेही त्याचंच आहे, ताई."

"पण दिसत नाही ना तसं!"

"दिसू नये म्हणूनच तर केलंय!" मनिवॉनचा आवाज एवढा चढला की मी कुंपणापाशी धावले. दाओवोन चमचे घेऊन निघून गेली. मनिवॉनने टोपली लाथाडली. कोंब अंगणभर पसरले. खामसिंग पुटपुटत एकेक वेचत राहिला.

"बॉम्ब करणार नाही मी," ती म्हणाली.

"कर म्हणतंय कोण? चहा टाक."

परवा ती ते कोंब घेऊन बाजारात बसली. भाजीवाल्या बायकांनी चार घेतले. हे काय आहे, असं त्यांच्यातल्या एकीनेही विचारलं नाही. बाकीचे सोळा अजून घरात पडून आहेत. मनिवॉनची धुसफूस चालूच आहे, पण काल तिने नव्या साच्यासाठी राख चाळायला घेतली.