सूर्यावरचे डाग

दीपनगरच्या वीजकेंद्रातला नवरा कुणालाच नको होता. बोर्डाची नोकरी चालते, क्वार्टर चालतं. पण दोरीवर घातलेलं पांढरं लुगडं चिमणीच्या राखेनं संध्याकाळी राखाडी होऊन येतं हे कळलं, की पोरीवाल्यांचा चहा एका घोटात संपायचा. माझ्या भाच्याला, पितांबरला, तीन घरांनी असं वाटेला लावलं. तिसऱ्या घरी तर पोरीचा काका तोंडावर म्हणाला, "तुमच्या चिमण्यांनी सारा खान्देश तापवला. आता आमची पोर पण तिथंच भाजायला द्यायची का?" त्याच्या डोक्यावर आमच्याच विजेचा पंखा फिरत होता. मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण तोंड सोडून लग्नं जमत नाहीत. माझी बहीण द्रौपदा विधवा, पोरगा तिशीपार. काळजीनं तिचं जेवण तुटलं होतं.

अशात मध्यस्थ भटू धुळ्याचं घर घेऊन आला. तोतारामगुरुजी, निवृत्त शिक्षक, आपल्याच समाजातले. मुलगी विशाखा, तीही शाळेवर.

"आणि ऐका चुडामणभाऊ," भटू खूश होऊन म्हणाला, "गुरुजी म्हणतात, उन्हाळा वाढतो तो सूर्यामुळे. चिमणीचा काही संबंध नाही. पेपरात पत्रं लिहितात तशी. तुमच्यासाठीच घडवलेला माणूस. पितांबरनं फक्त मान हलवायची."

ब्याण्णवचा मे होता. एसटीतून उतरलो तेव्हा धुळ्याचा डांबरी रस्ता चपलेला चिकटत होता. गुरुजींनी "जय भीम" करून माठाचं पाणी दिलं आणि लगेच विषयाला हात घातला.

"सूर्यावर डाग पडतात. अकरा वर्षांची फेरी असते त्यांची. एकोणनव्वद-नव्वदला ते खूप वाढले. डाग वाढले म्हणजे सूर्य जोरात. मग उन्हाळा वाढणारच. यात दीपनगरचा काय दोष? आता तर तुमच्या चिमणीतून धूरही दिसत नाही म्हणतात."

"नाही दिसत," भटू घाईनं म्हणाला. "आमचा पितांबर त्याच यंत्रावर आहे. राख चिमणीत जायच्या आधीच पकडतात."

द्रौपदाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. जन्मात कधी नव्हे ते कुणी आम्हाला निर्दोष सोडत होतं. मी पितांबरकडे बघितलं. मान हलव रे बाबा.

त्यानं हलवली. पण आडवी.

"राख पकडतो गुरुजी, सगळी नाही, पण पकडतो. कोळसा जळाला की कार्बन डायऑक्साइड निघतो, तो नाही पकडता येत. तो दिसतच नाही, म्हणून चिमणी स्वच्छ वाटते. तो वर साचतो आणि जमिनीची धग अडवून धरतो, गोधडीसारखा. तुम्ही म्हणता तसे डाग वाढले, खरंय. पण ते उतरतीलही. सूर्यामुळंच असेल, तर मग उन्हाळा पण उतरायला पाहिजे. मला नाही वाटत उतरेल. दोष आमच्याकडे येतो."

भटूनं कपाळाला हात लावला. द्रौपदा माझ्या कानाशी पुटपुटली, "कायले बोलला रे भो हा."

गुरुजींचा आवाज चढला. "पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. कुठं सूर्याची शक्ती आणि कुठं तुमचा तो चिमूटभर वायू."

"चिमूटभर मिठानं वरण खारट होतंच ना," पितांबर म्हणाला.

मी पिशवी जवळ ओढली. चौथं घर गेलं.

तेवढ्यात विशाखा दारात आली. तिनं पाहुण्यांसमोर घालतात तशी मान खाली घातली नव्हती. सरळ पितांबरला विचारलं, "दोष तुमचा आहे म्हणता, मग नोकरी सोडणार का?"

"नाही. मी सोडल्यानं चिमणी बंद पडत नाही. आईला बघायचंय. राख पकडायचं काम मला येतं, ते नीट करतो. वायूचं काय करायचं ते मला माहीत नाही."

ती मग बापाकडे वळली.

"बाबा, आजोबांनी देव्हारा काढला तेव्हा नशीब हा शब्दही घराबाहेर काढला, असं तुम्हीच सांगता. पोर मेलं, नशीब. पाणी मिळालं नाही, नशीब. म्हणजे कुणाला जाब विचारायचाच नाही. आता तुम्ही नशिबाच्या जागी सूर्य आणून बसवलाय."

"विशाखा, सूर्य म्हणजे विज्ञान आहे."

"मग तपासा. मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नये, हे कुणी शिकवलं मला?"

गुरुजी हट्टी होते, पण लबाड नव्हते. ते म्हणाले, "मला पटलेलं नाही. पण तपासू. सत्त्याण्णवच्या आसपास डाग उतरतील, तेव्हा बघू कोण खरं ते."

आतून त्यांची बायको नर्मदाबाई पदराला हात पुसत आली. "तवलग पोरीले घरमा ठेवशात का? बठ्ठं जेवण थंड हुई राहिनं. पोऱ्या खरा शे, एवढं पुरे."

गुरुजी आधी हसले, मग आम्ही. विशाखानं पितांबरच्या ताटात स्वतः वरण वाढलं आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" तो कानापर्यंत लाल झाला. तारीख जेवतानाच ठरली.

जेवताना गुरुजींनी वाद परत काढला, तो थेट स्टँडपर्यंत. एसटी हलली तरी खिडकीशी उभे राहून पितांबरला सांगत होते, "डाग उतरू द्या, मग बोला."

पारोळा जवळ आलं. खिडकीतून भट्टीसारखा वारा आत येत होता आणि द्रौपदा मस्त डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली. तर डोळे न उघडताच म्हणाली, "भाऊ, दोरी आता घरातच बांधून घेऊ. सुनेचे कपडे राखाडी नको व्हायला."