आपण मे महिन्यात येतो

मी गाढवीण बोलतेय. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मधेच दात काढलेले मला चालत नाहीत.

माझा जन्म झरफशान नदीकाठी एका पाणचक्कीमागे झाला. चक्कीवाला माझ्यावर पिठाची पोती लादायचा आणि वर स्वतःही बसायचा. पुढे त्यानं ट्रक घेतला आणि मला सानोबर मुअल्लिमाला देऊन टाकलं. मुअल्लिमा म्हणजे मास्तरीण. ती खालच्या गावात राहते, वरच्या गावच्या शाळेत इतिहास शिकवते, आणि मधला चढ रोज माझ्या पायांनी चढते.

शाळेत मला पाचवीच्या खिडकीखाली तुतीच्या झाडाला बांधतात. खिडकीची एक काच फुटलीय, तिथं पुठ्ठा लावलाय. पुठ्ठ्यातून सगळं ऐकू येतं. मला कुणी शिकवलं नाही. मी उभी राहिले आणि शिकले. प्राचीन जगाचा इतिहास मला अथेन्सपर्यंत तोंडपाठ आहे. अथेन्सच्या पुढे मात्र अंधार, कारण त्याच्या पुढे आमचा वर्ग कधी गेलाच नाही.

आणि वर अपमान सोसायचा तो वेगळाच. निनेवे कुठल्या नदीवर, हे एखाद्या कार्ट्याला आलं नाही की सानोबर ओरडते, "गाढवा, खाली बस." उत्तर त्याला येत नाही, मला येतं, आणि नाव माझं घेतात.

मागच्या सप्टेंबरात पाचवीत फरंगीस नावाची मुलगी आली. पुठ्ठ्याशेजारच्या बाकावर बसायची. पहिल्याच दिवशी सानोबरनं आदिमानव काढला. केसाळ, वाकलेला, हातात दगड. दरवर्षी तोच, दगडही तोच. फरंगीसनं हात वर केला.

"मुअल्लिमा, आपण कधी येतो?"

"कुठं?"

"पुस्तकात."

पोरं खिदळली. सानोबरनं पुस्तक मागून चाळलं. "शेवटचा धडा. मे महिन्यात येतो आपण. तोवर गप बस."

पोरीच्या घाईला कारण होतं. तिचा बाप रशियात इमारतींवर काम करतो. शाळा संपली की बायकोपोरांनी तिकडेच यायचं, कायमचं, असा त्याचा निरोप होता. तिची मावसबहीण आधीच गेलेली. तिला तिकडच्या वर्गात पहिल्या दिवशी उभं करून विचारलं, तू कुठली, तुमच्याकडे काय आहे? तिला काही सांगता आलं नाही, आणि वर्ग हसला तो वर्षभर हसत राहिला. आपलं तसं होऊ नये, एवढंच फरंगीसचं मागणं होतं. हे सगळं ती मधल्या सुट्टीत माझ्या पाठीला टेकून मैत्रिणीला सांगत होती. माझ्यासमोर कुणी काही लपवत नाही. मला कान आहेत हे लोकांच्या लक्षातच येत नाही, हे कान असून.

मग वर्ष सुरू झालं. सुरू झालं म्हणायचं आपलं. आदिमानवानं शेती शोधली न शोधली तोच पोरांना बटाटे काढायला उताराखालच्या शेतात नेलं. परत आली तेव्हा निम्मा वर्ग आदिमानवाला विसरला होता, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून. मग सुमेर. तिथल्या राजाच्या रथाचं चित्र बघून फरंगीस म्हणाली, हे घोडे नाहीत, यांचे कान बघा. सानोबर म्हणाली, घोडेच आहेत. मी पुठ्ठ्यावर नाक आपटलं, तर मलाच हाड् केलं.

मग इजिप्त. इजिप्त चांगलं चाललं होतं तोच बर्फ पडला. कोळसा आला नाही, शाळा बंद. उघडली तेव्हा हेडमास्तर सांगत आले की जिल्ह्याहून तपासणी येणार आहे, काहीतरी बघण्यासारखं करा. "इजिप्तच घ्या, मुअल्लिमा. पोरांना इजिप्त येतं." म्हणून पुन्हा इजिप्त. पुठ्ठ्याचा पिरॅमिड झाला, त्याला पिवळा रंग झाला. माझ्या खिडकीचा पुठ्ठाही त्यासाठीच काढला आणि वर्गात गार वारं सोडलं. तपासणीवाले आले, हेडमास्तरांकडे पुलाव जेवले, हिरवा चहा प्याले आणि आल्या वाटेनं गेले. वर्गात पाऊल टाकलं नाही. पिरॅमिड कपाटावर चढला.

मार्चमध्ये नवरोजचा नाच बसवायचा होता, त्यात इतिहासाचे तास गेले. एप्रिलमध्ये सानोबरला खोकला झाला. तोवर फरंगीस दर सोमवारी विचारत होती, अजून किती धडे राहिले? सानोबर म्हणायची, होईल गं, पळून जातोय का इतिहास? अगं बाई, इतिहास नाही पळून जात. पोरगी जातेय. मी किती वेळा खूर आपटले, पण माझं ऐकतो कोण.

मे उजाडला तेव्हा वर्ग अथेन्समध्ये होता. फरंगीसनं विचारणं सोडून दिलं होतं. ते मला सगळ्यात झोंबलं.

शाळेच्या शेवटच्या दिवशी धडा नसतो. फुगे असतात, भाषणं असतात, पहिलीतल्या एका चिमुरडीला खांद्यावर बसवून तिच्या हातून घंटा वाजवतात. घंटा वाजली, सगळे टाळ्या वाजवून मोकळे. फरंगीस सानोबरला निरोप द्यायला उताराच्या वळणापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची गाडी होती. तिनं रुमालात बांधलेल्या सुक्या तुती सानोबरच्या हातात ठेवल्या. सानोबर म्हणाली, तिकडे नीट अभ्यास कर हं, आईला त्रास देऊ नको. आणि माझ्या कुशीत टाच मारली.

मी हलले नाही.

तिनं दुसरी टाच मारली. मग खाली उतरून ओढलं, काठी घातली, गोड बोलली, माझ्या आईचा उद्धार केला. मी चारी पाय रोवून उभी. वाटेनं जाणारा एक मेंढपाळ म्हणाला, "काय मुअल्लिमा, पेट्रोल संपलं?" सानोबर दमून दगडावर बसली. फरंगीस तिच्याशेजारी बसली.

"मला तिथं विचारतील," फरंगीस म्हणाली, "आणि मला इजिप्तच येतं."

सानोबरनं मान खाली घातली. मग तिनं हात लांब करून खाली खोऱ्यात दाखवलं. शेतांमध्ये पत्र्याची मोठी छपरं चमकत होती.

"ते दिसतंय? सराझम. त्या छपरांखाली खणून काढलेली जुनी घरं आहेत, चुली आहेत. तांबं वितळवायच्या भट्ट्या आहेत. तिथं एक बाई पुरलेली सापडली, अंगभर मणी, निळ्या दगडाचे. हातात शंखाची कांकणं. शंख समुद्रातले, आणि समुद्र इथून कुठल्या कुठं."

"केव्हाची बाई?"

"पाच हजार वर्षांच्याही आधीची."

पोरीनं मनाशी हिशोब केला. तो करताना तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

"म्हणजे पिरॅमिडच्या आधी?"

"आधी."

"मग आपण पुस्तकात शेवटी का?"

सानोबरला उत्तर आलं नाही. तिला कुणी गाढव म्हणालं नाही. मीही नाही.

मग ती बोलतच राहिली, पुस्तक न उघडता. कोण आलं, कोण कुठून काय घेऊन गेलं, या खोऱ्यातल्या लोकांनी कुणाला घाम फोडला. ते शंख इथवर कुणाच्या पाठीवरून आले, ते तिनं सांगितलं नाही. मी सोडून दिलं. फरंगीस मधेमधे ओठ हलवून पाठ करत होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती उठली, सानोबरच्या गळ्यात पडली आणि वर गावाकडे पळाली. मी आपणहून पाऊल उचललं.

आता पुन्हा सप्टेंबर आलाय. माझे गुडघे धरतात, चढाला दम लागतो. सानोबरची भाची म्हणते, म्हातारी झाली, हिला काढा आणि मोटारसायकल घ्या. आज सकाळी नवी पाचवी बसली. सानोबरनं पुस्तक उघडलं. मी कान टवकारले. पुढूनच उघडलं. आला तो केसाळ, वाकलेला.

ठीक आहे. मी सांगून ठेवते. या वर्षी मी मेची वाट बघणार नाही. ज्या दिवशी बटाटे काढायला ही पोरं माझ्याबरोबर उतारावर येतील, त्याच दिवशी मी त्या वळणावर उभी राहीन. मारा, ओढा, माझ्या आईचं नाव काढा. ती छपरं दाखवून सगळा धडा सांगून होईपर्यंत मी खूर उचलणार नाही. म्हातारपणी चालणं जड जातं. उभं राहणं नाही.