झऱ्याच्या तोंडातला बोळा

मी घाटातल्या सातव्या वळणावरची दगडी डोण बोलतेय. थांबा, पण नाकाला पदर लावून थांबा. माझीच मला किळस येते, तर तुम्हाला का येणार नाही?

पाटण सोडून गाडी कोयनेच्या अंगाला चढू लागली की कातळाला टेकून बसलेली मी दिसते. वरच्या धनगरवाड्यातल्या बयाबाईच्या आजेसासऱ्याने म्हशींच्या पाण्यासाठी मला एका दगडातून कोरलं. माझ्या डोक्यावर कातळात एक बीळ आहे, हात जाईल एवढं. त्यातून झरा येतो. तिथं पाण्याच्या देवी, साती आसरा राहतात असं बायका मानतात. मीही मानते. दसऱ्यानंतर घाटातले धबधबे आटले तरी हे पाणी वैशाखापर्यंत तुटत नसे.

आणि जागा काय देखणी हो! भादव्यात समोरची उतरण सोनकीच्या फुलांनी पिवळी होते. धुकं दरीतून वर येतं, रस्ता ओलांडतं, निघून जातं. एक काळानिळा पक्षी माझ्या काठावर बसून माणसासारखी शीळ घालतो. शेकरू पाण्याला यायचं, आधी चारदा इकडंतिकडं बघून.

हेच बघायला लोक येतात म्हणे. रविवारी गाड्यांची रांग लागते. उतरतात, फोटो काढतात, "काय निसर्ग आहे!" म्हणतात आणि वेफर्सची पिशवी माझ्यात टाकतात. कुणी गुटखा थुंकतं. कुणी चिखलाचे बूट धुतं. एका आईने बाळाचा भरलेला डायपर नीट घडी घालून माझ्या पोटात ठेवला. गाडीत वास येतो म्हणाली!

पण सगळ्यांत जास्त शिसारी मला आली ती भक्तीची. जड जातं, तरी सांगते.

पलूसच्या मंगलताईंनी सुनेला, साक्षीला मूल व्हावं म्हणून इथं नवस बोलला होता. नात झाली. मग पाच वर्षं ओटी द्यायची ठरली. दुकानातली तयार ओटी: खण, बांगड्या, हळकुंड, सुपारी, सगळं चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद. बाई मनाने फार चांगल्या. ओटी कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून बिळात कोपरापर्यंत हात घालून आत सारायच्या. त्यांचं बघून बाकीच्याही सारू लागल्या.

यंदा नवरात्रात झरा थेंबावर आला आणि मग थांबलाच.

तिसऱ्या दिवशी मंगलताई पाचवी ओटी घेऊन आल्या. बयाबाई म्हशींपाशी उभीच होती.

"आवं बाई, कुठं कोंबताय?"

"आसरांची ओटी हाय, मावशी. पायात येऊ नये म्हणून आत सारते."

"व्हय, लय जपून सारलीया! आसरांचा गळा दाबलाय तुमी. माज्या म्हशी तीन दिस कोरडी डोण चाटत्यात. ल्योक म्हणतोय, दिवाळीला इकून टाक आन् खाली ये."

पलटणीतून निवृत्त झालेले हंबीरराव, मंगलताईंचे यजमान, गाडीतूनच ओरडले, "मंगल, चल की गं! वर परत धुकं येईल, काय दिसायचं न्हाई."

"इथंच लय दिसतंय मला," त्या म्हणाल्या आणि बांगड्या मागं सारून त्यांनी बिळात हात घातला.

बाटली निघाली. कुणाची तरी पिशवी निघाली. मग एक पाकीट आलं, त्यावर साक्षीच्या अक्षरात नातीचं नाव: प्रांजल. गेल्या सालचं. आतला खण कुजून काळा पडलेला, वरचं प्लास्टिक मात्र नवंकोरं. असा वास सुटला की मंगलताईंना उमासा आला. त्या बाजूला झाल्या, पदराने तोंड पुसलं आणि परत हात घातला.

हंबीरराव धावत आले. "हे घे, सॅनिटायझर लाव."

"सायेब, त्येच्यापरीस ह्ये पोतं धरा," खांद्यावरचं रिकामं पोतं पुढं करत बयाबाई म्हणाली.

सीमेवर कधी न डगमगलेला तो माणूस नाक दाबून, एका हाताने पोतं धरून उभा राहिला.

शेवटचा बोळा निघाला तशी कातळाने ढेकर दिली. आधी काळं पाणी आलं, मग गढूळ, मग नितळ. म्हशींनी माना खाली घातल्या.

मंगलताईंनी पाचव्या ओटीचं प्लास्टिक फाडून पर्समध्ये कोंबलं आणि ओटी बयाबाईच्या पदरात घातली.

"माजी कशापायी?"

"तुमचंच पाणी अडवलं मी. नवस फिटला, मावशी. पुढच्या साली ओटी न्हाई, नुसते हात घेऊन येते."

दिवाळी झाली. बयाबाईच्या म्हशी इथंच आहेत. पण गेल्या रविवारी माझ्यात पुन्हा एक डायपर पडला, तसाच घडी घातलेला.

तुम्ही घाटात जरूर या. काच खाली करा, सोनकी बघा, शीळ ऐका. पण डबा खाल्लात, ओटी भरलीत, बाळाचा डायपर बदललात, की उरलेलं तुमच्यासोबत गाडीतून न्या. वास तुमचा आहे, मला नका देऊ.

शेकरू अजून खाली उतरत नाही. फांदीवरून माझ्याकडे बघतं आणि वळतं. मी रोज पाणी स्वच्छ धरून त्याची वाट बघते.