पॉसिबल पाणी

हिरवी साल, आत अजून पांढरट गर.

कॅम्प तीनच्या बाजारातला सिंधी दलाल टिचकी मारतो, कान लावतो, तोंड वाकडं करतो.

आंब्याच्या फांदीला घासणारी, धरणाच्या ऑफिसाकडं जाणारी टेलिफोनची तार.

एक इंग्रजी शब्द.

एवढं सगळं त्या संध्याकाळी कौसाबाईच्या डोक्यात घुमत होतं. बदलापूरच्या खाली, नदीच्या वाळूत तिचा कलिंगडाचा मळा होता आणि धरणाच्या ऑफिसातून सांगावा आला होता: दरवाजाच्या दुरुस्तीसाठी पाणी सोडणं पॉसिबल आहे. दरसाल हाच सांगावा यायचा. सरकार इंग्रजीत बोललं म्हणजे पाणी आलंच, असं धरून वस्ती कच्ची कलिंगडं तोडायची आणि दलालाच्या पायाशी ओतायची. पाणी बहुतेकदा यायचंच नाही.

यंदा सांगावा आणला तो कौसाबाईच्याच लेकीनं. विठा त्या ऑफिसात नुकतीच टेलिफोनवर लागली होती. चुलतदीर भगवान कोयता घेऊन निघाला, तर तिनं त्याला अडवलं. साहेबांना तिनं परत फोन लावला होता: पॉसिबल की प्रॉबेबल? साहेब वैतागले, दोन्ही एकच म्हणाले. मग तिनं विचारलं, दुरुस्तीची माणसं आली का, सामान आलं का? दोन्ही अजून आलं नव्हतं.

भगवान हसला. "आता साहेबाची शिकवनी घेतेस काय गं?"

"काका, बैल दावं तोडू शकतो, हे पॉसिबल. तो दाव्याला हिसके द्यायला लागला, की प्रॉबेबल. आज बैल रवंथ करतोय."

"आनि तरी तोडलंच तर?"

"तोडू शकतो. नाही तोडणार असं मी म्हणत नाही."

भगवाननं आपला मळा तोडला. वस्तीनंही तोडला. कौसाबाई वाळूत उभी राहिली. मळा गेला तर पावसाळ्याचं बियाणं आणि छपराची कौलं दोन्ही गेली. लेकीच्या त्या दोन शब्दांतला फरक तिला नीटसा कळला नव्हता.

"साहेबाला उलटं इचारलंस तू?"

"विचारलं."

"मग ऱ्हाऊ दे."

पुढं नदीत तिचा एकटीचाच मळा हिरवा राहिला. येणारा-जाणारा तिला वेड्यात काढायचा. ती मान ताठ ठेवून सांगायची, पानी पॉसिबल हाय. जणू पोरीला मिळालेलं बक्षीसच दाखवतेय.

मग एका दुपारी विठा धापा टाकत आली. सामान आलं होतं, माणसं दरवाजाला भिडली होती. "आई, आता प्रॉबेबल."

कौसाबाईनं पदर खोचला. भगवानही पाटी घेऊन आला. दिवस मावळेपर्यंत वाळू रिकामी झाली. त्यानं एक कलिंगड फोडलं. आत लालभडक. एक फोड संपवून म्हणाला, "फुडल्या साली तुझ्या पोरीला इचारूनच कोयता काढीन."

"तिला सवड असली तर," कौसाबाई म्हणाली.

पाणी पहाटे आलं.

विठा नववीला इंग्रजीत नापास झाली होती.